गुरूची वंशावळ खोटी निघाली, आता काय बोलू?

पत्र:

मावशी, मी मूळची साताऱ्याची. तेरा वर्षं झाली, वेल्समध्ये कार्मार्थनजवळ नर्स म्हणून नोकरी करते. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मला एक बाई भेटल्या. आम्ही सगळे त्यांना ‘मामगी’ म्हणायचो, इकडे दक्षिण वेल्समध्ये आजीला तसंच म्हणतात. डोंगराच्या कुशीत एकटं घर, दोन शेळ्या, तीन बंद पडलेली घड्याळं. अंगात कुणा पुरुषाचा जुना ओव्हरकोट आणि कमरेला पट्ट्याऐवजी गवताचे भारे बांधायची निळी सुतळी. सरकारी पत्रं न फोडताच कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरायच्या. झाडाची फांदी तोडायची तर आधी झाडाला आपलं पूर्ण नाव आणि पत्ता सांगायचा, असा त्यांचा नियम. अंगणातल्या रोवनच्या झाडाला मी साताऱ्याचा पत्ता पिनकोडसकट सांगितलेला आहे.

त्या जुन्या देवतांना मानायच्या, झाडपाला ओळखायच्या, माणसांची आणि गुरांची बाधा उतरवायच्या. लोक त्यांना विच म्हणायचे, त्याही स्वतःला तेच म्हणवून घ्यायच्या. आम्ही आठ जण त्यांच्याकडे शिकायचो. आपली विद्या ड्रुइडांपासून, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या इथल्या पुरोहितांपासून, आईकडून लेकीकडे अशी सत्तावीस पिढ्या आली, असं त्या सांगायच्या. ती सत्तावीस नावं आम्हाला तोंडपाठ आहेत.

2021 च्या मे महिन्यात बाबा कोविडने गेले. मला जाता आलं नाही. मामगींनी मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, लोकरीचा धागा घेतला आणि स्वतःच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तीनदा मोजला. तिसऱ्यांदा तो चार बोटं कमी भरला. “बघ, एवढं आहे तुझ्यावर,” म्हणाल्या. तो धागा माझ्या गळ्यात बांधला आणि दुसऱ्या दिवशी मला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी 31 ऑक्टोबरच्या रात्री, त्यांच्या सगळ्यात मोठ्या सणाला, माझी नाईट ड्युटी होती. मी गेले नाही. त्यांनी सगळ्यांसमोर मला “पगारी बाई” म्हटलं आणि चार महिने दार उघडलं नाही. माफी कधीच मागितली नाही. मार्चमध्ये एका सकाळी माझ्या गाडीच्या बॉनेटवर प्लमच्या जॅमची बाटली ठेवलेली होती, एवढंच.

या फेब्रुवारीत त्या गेल्या. घर आवरताना खोक्यात अकरा वह्या सापडल्या. मामगींचा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. 1974 साली तीस वर्षांच्या असताना त्या इथे आल्या. आम्हाला शिकवलेले विधी सत्तरच्या दशकातल्या दोन-तीन पुस्तकांतून पान क्रमांकांसकट उतरवलेले. वेल्श भाषासुद्धा त्या इथे येऊन शिकल्या. फक्त लोकर मोजण्याच्या पानावर पेन्सिलने लिहिलंय, ‘शेजारच्या शेतावरच्या आजीकडून, 1978’.

30 एप्रिलच्या रात्री आम्ही शेकोटीभोवती जमणार आहोत. ती सत्तावीस नावं मी म्हणावी, असं सगळ्यांनी ठरवलंय. वह्यांचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मी जे शिकले ते खोटं होतं का? नावं म्हणू की खरं सांगू? आई तर फोनवर म्हणते, “चेटूक शिकलीस, आता भोग.”

ता. क. आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, बावीस वर्षांचा, त्या गेल्यापासून नीट जेवत नाही. शेळ्यांच्या गोठ्यात बसून असतो.

उत्तर:

पोरी,

मावशी म्हटलंस, म्हणून अगंतुगं करते.

आधी उत्तर देते, कारण 30 एप्रिल फार लांब नाही. ती नावं म्हणू नकोस. आणि शेकोटीपाशी वह्यांचा विषयही काढू नकोस. त्याच्या आधी एखाद्या रविवारी उरलेल्या सात जणांना मामगींच्याच स्वयंपाकघरात बोलाव, चहा ठेव आणि खोकं टेबलावर मांड. ज्याला वाचायचं तो वाचेल, ज्याला नको तो बाहेर शेळ्यांपाशी जाऊन बसेल. त्या सात जणांनीही आपापल्या आयुष्याचा काही भाग त्या सत्तावीस नावांवर उभा केला असणार. कुणी ती आपल्या मुलांना शिकवली असतील. त्यांना हे परक्या माणसांसमोर, आगीच्या उजेडात कळणं फार वाईट. गेलेल्या माणसाची झडती चारचौघांत घेऊ नये, एवढं आपल्याकडेही पाळतात. पण तू हे एकटीने पोटात ठेवलंस, तर दर वर्षी ती नावं म्हणताना तुझी जीभ अडखळेल आणि हळूहळू तू तिथे जायचंच सोडशील. तसं व्हायला नको.

आता तुझा खरा प्रश्न. जे शिकले ते खोटं होतं का?

माझे यजमान ऱ्होंडा खोऱ्यात डॉक्टर होते. त्या निमित्ताने अकरा वर्षं आम्ही वेल्समध्ये काढली. कोळशाच्या खाणी तेव्हा एकेक करून बंद होत होत्या आणि दर कोपऱ्यावर एक रिकामं चॅपल उभं होतं. पहिल्या हिवाळ्यात एका शेजारणीने मला लान्ट्रिसंटला नेलं. तिथे बुल रिंग चौकात एक पुतळा आहे, डोक्यावर कोल्ह्याचं कातडं, दोन्ही हात पसरलेले. डॉक्टर विल्यम प्राइस. जन्म 1800, मृत्यू 1893. हा माणूस स्वतःला ड्रुइड म्हणवायचा, मोजे घालणं वाईट म्हणायचा, तंबाखू ओढणाऱ्या रोग्यांना औषध द्यायला तयार नसायचा. 1839 च्या न्यूपोर्टच्या कामगारांच्या उठावानंतर बाईचा वेश करून फ्रान्सला पळाला. तिथे लूव्ह्र संग्रहालयातल्या एका दगडावर ग्रीक अक्षरं होती. त्यात आपल्याबद्दलचं भविष्य लिहिलंय, असं त्याने ठरवून टाकलं. तो अर्थ सगळा त्याच्या कल्पनेतला होता.

पण याच माणसाचा तान्हा मुलगा 1884 च्या जानेवारीत वारला, तेव्हा त्याने गावाबाहेरच्या टेकडीवर त्याला अग्नी दिला. लोक धावून आले, देह आगीतून बाहेर ओढला, पोलिसांनी त्याला पकडलं. कार्डिफच्या न्यायालयात तो स्वतः आपल्या बाजूने उभा राहिला. लोकांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही, असं न्यायमूर्ती स्टीफन यांनी सांगितलं आणि प्राइस सुटला. पुढे 1902 मध्ये ब्रिटनमध्ये दहनाचा कायदा झाला, त्यामागे हा खटला आहे. त्याचं स्वतःचं दहन झालं, तेव्हा वीस हजार माणसं टेकडीवर जमली होती. तिकडे आपलं माणूस गेलं की आपण त्याला अग्नी देतो, त्या वाटेवर हा कोल्ह्याच्या टोपीचा माणूस आपल्या आधी चालून गेलाय. तो दगड त्याने चुकीचा वाचला, हे मला माहीत आहे. तरी त्या पुतळ्यासमोर मी हात जोडले होते आणि आजही जोडीन.

दुसरा माणूस तर तुझ्या कार्मार्थनशीच बांधलेला आहे. योलो मॉर्गनुग, खरं नाव एडवर्ड विल्यम्स, जन्म 1747. ग्लॅमॉर्गनचा पाथरवट, शाळेचं तोंड न पाहिलेला, अफूच्या अर्काच्या आहारी गेलेला आणि जुन्या वेल्श कवितेवर जीव टाकणारा. त्याने स्वतः कविता लिहिल्या आणि चौदाव्या शतकातल्या थोर कवीच्या, दाफिद अप ग्विलिमच्या, नावावर खपवल्या. त्या इतक्या सुंदर होत्या की 1789 च्या छापील संग्रहात त्या कवीच्या म्हणूनच गेल्या. लबाडी पक्की सिद्ध व्हायला विसावं शतक उजाडलं. ड्रुइडांचा अखंड चालत आलेला विधी म्हणून त्याने 1792 साली लंडनच्या प्रिमरोज हिलवर खड्यांचं रिंगण मांडून जो सोहळा केला, तोही त्याच्याच डोक्यातून निघालेला. 1819 मध्ये कार्मार्थनच्या आयव्ही बुश या खानावळीच्या बागेत तो सोहळा आइस्टेथवोदला, म्हणजे वेल्श कवितेच्या मेळ्याला, जोडला गेला आणि आजतागायत तिथेच आहे. दर ऑगस्टमध्ये झगे घातलेले कवी जमतात, मोठी तलवार म्यानातून अर्धी बाहेर काढतात आणि जमलेल्या लोकांना विचारतात, “आ ओइस हेद्वुख?” शांती आहे का? हजारो माणसं ओरडून सांगतात, “हेद्वुख!” असं तीनदा. मी एका वर्षी त्या मंडपात होते. वेल्श मला जेमतेम येत होतं, पण माझाही आवाज त्यात होता. त्या हजारो माणसांपैकी बहुतेकांना माहीत असतं की हे सगळं एका पाथरवटाने रचलं. म्हणून कुणी गप्प बसत नाही.

त्याचं बोधवाक्य होतं, ‘जगाविरुद्ध सत्य’. त्या मेळ्यात ते अजूनही मिरवतात. लबाडी करणाऱ्याने हे वाक्य का धरलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या लोकांची भाषा अडाण्यांची नाही, हे सत्य त्याला ठाऊक होतं. ते कुणी ऐकत नव्हतं, म्हणून त्याने जुने कागद तयार केले. त्याचं वागणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. अभ्यासकांची कित्येक वर्षं त्याने वाया घालवली. पण मामगींनी सत्तावीस नावं का रचली, हे शोधायचं तर तू योलोच्याच बाजूने जा. बर्मिंगहॅमहून आलेली तीस वर्षांची एकटी बाई, वेल्श खेड्यात. “मला कुणी शिकवलं नाही, मी पुस्तकातून वाचलं,” असं म्हणाली असती तर शेजारपाजारच्यांनी तिला दारात उभं केलं असतं का?

आणि नावांचा हिशेबही बसत नाही, हे तुला तेव्हाच दिसायला हवं होतं. सत्तावीस पिढ्या म्हणजे फार तर सातआठशे वर्षं. ड्रुइडांच्या मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगल्सीवर, रोमन फौजा चालून गेल्या त्या इसवी सन 60 च्या सुमारास. मधली हजार-बाराशे वर्षं गेली कुठे? तू विचारलं नाहीस, कारण तुला ते हवंच नव्हतं. मीही विचारलं नसतं.

वेल्समधल्या जुन्या मंत्रविद्येबद्दल एक गोष्ट मात्र तुला कळायलाच हवी, तुझ्या मनातला ‘खरं’ आणि ‘खोटं’ यांचा गुंता त्याने सुटेल. मंत्राला तिकडे ‘सुइन’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधल्या ‘सिग्नुम’वरून आलाय, खूण या अर्थाचा, आणि ती खूण म्हणजे क्रुसाची. मंत्र टाकणारी जुनी माणसं जुन्या देवांची नव्हतीच, ती चर्चला जाणारी होती. ग्वेन व्हेर्ख एलिस ही बाई लेप-औषधं द्यायची, गुरांवर मंत्र टाकायची, आणि मंत्र म्हणजे वेल्शमधून बापाची, पुत्राची, पवित्र आत्म्याची प्रार्थना. तिला 1594 साली डेन्बीला फाशी दिलं. जादूटोण्याच्या आरोपावरून वेल्समध्ये फाशी गेल्याची पहिली नोंद तिची. सगळ्या वेल्समध्ये मिळून असे पाच जण. इंग्लंड-स्कॉटलंडच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. तिकडच्या खेड्यांना असा माणूस हवा असायचा, त्याला ते ‘दीन हस्बिस’ म्हणत, म्हणजे शब्दशः ‘जाणता’. आपल्याकडेही हाच शब्द आहे बघ. तुझ्याच कार्मार्थनशायरमधल्या कूर्ट-अ-कादनोचा जॉन हॅरिस, 1839 मध्ये वारलेला, असाच जाणता होता. रोग्यांना औषध द्यायचा, हरवलेली वस्तू सांगायचा, नक्षत्रं बघायचा. त्याच्या घराण्याची पुस्तकं आणि हस्तलिखितं ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. सुट्टी काढून एकदा जाऊन ये.

तुला विच हा शब्द आणि तो विधींचा साचा, चार दिशा, वर्षाचे आठ सण, एक वर्ष आणि एक दिवस चालणारी उमेदवारी, हे दिलं ते मुख्यतः विसाव्या शतकातल्या इंग्लंडने. 1951 साली जादूटोण्याचा जुना कायदा रद्द झाला, 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रज माणसाने या विद्येवर उघडपणे पुस्तक लिहिलं, आणि तिथून ही वाट वाढत गेली. मामगींनी ज्या पुस्तकांतून उतरवलं, ती याच वाटेवरची असणार. ती नवी आहे म्हणून हलकी ठरत नाही. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये चौऱ्याहत्तर हजार माणसांनी आपला धर्म ‘पेगन’, म्हणजे जुन्या देवतांना मानणारा, असा लिहिला, तेरा हजारांनी ‘विक्का’, म्हणजे गार्डनरच्या वाटेवरचा विच-पंथ. कुठल्याही पंथाची पहिली पिढी नवीच असते. फक्त जुनं आहे म्हणून सांगू नये, एवढंच. तुम्ही आठ जण यापुढे तेवढं पाळा.

तू पत्रात एक गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकलीस, तिथे मी थांबले. “वेल्श भाषासुद्धा त्या इथे येऊन शिकल्या.” सुद्धा? अगं, तिशी ओलांडल्यावर वेल्श शिकणं म्हणजे काय, ते मला विचार. अकरा वर्षांत मला बाजारहाटापुरतं आलं. त्या भाषेत शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं. आपण ‘माझ्यावर, तुझ्यावर’ म्हणतो, तसं तिकडे ‘वर’ हा शब्दच माणसाप्रमाणे चालवावा लागतो. आर्ना ई, आर्नात ती, आर्नो वे, आर्नी ही. आणि तिकडे दुःख माणसाला होत नाही, माणसावर असतं. सर्दी माझ्यावर आहे, भीती माझ्यावर आहे, हिराएथ माझ्यावर आहे. हिराएथ म्हणजे घराची ओढ, तुला सांगायला नको. मामगी धागा मोजून म्हणाल्या, “एवढं आहे तुझ्यावर.” हे वाक्य त्यांनी कुठल्या इंग्रजी पुस्तकातून उतरवलेलं नाही. ते वेल्शमधून आलं. ती भाषा अंगात मुरल्याशिवाय असं वाक्य तोंडात येत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, दुखणं अंगावर काढलं. तू बाबांचं जाणं अंगावर काढत होतीस, आणि त्या बाईने ते धाग्यावर मोजून दाखवलं.

आणि आता ती पेन्सिलची ओळ. ‘शेजारच्या शेतावरच्या आजीकडून, 1978.’ ही ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला. लोकर मोजणं हा मध्य आणि पश्चिम वेल्समधला खरा, जुना उपचार आहे. ‘क्लेव्हिद अ गालोन’, काळजाचं दुखणं, म्हणजे मन खचणं, त्यावर तो करायचे. एकोणिसाव्या शतकात सर्रास आणि विसाव्या शतकातही काही घरांत. तो बहुतेक पुस्तकांत नव्हता, बायाबापड्यांच्या हातांत होता. पाचपन्नास विधी पान क्रमांकासकट उतरवणाऱ्या बाईने इथे पान क्रमांक लिहिला नाही, माणूस लिहिला. म्हणजे तिला फरक कळत होता. आपल्याला खरोखर कुणाकडून काय मिळालं, हे तिने स्वतःच्या वहीत प्रामाणिकपणे नोंदवलं, पेन्सिलने का होईना. शेजारची आजी, मग मामगी, मग तू. आजीच्या आधी कोण, ते त्या शेतावर कुणी जुनं माणूस असेल तर त्याला जाऊन विचार. तुला वंशावळ हवी होती ना? सत्तावीस नाही, तीन बायका. तिन्ही हाडामांसाच्या.

त्या ओळीखाली, त्याच वहीत, तू लिही. मराठीत लिही. ‘मामगीकडून, स्वयंपाकघरात, मे 2021.’

चार महिन्यांच्या बंद दाराबद्दल. ते वाईट होतं. तू रात्रभर आजारी माणसांपाशी उभी होतीस आणि तिने तुला पगारी बाई म्हटलं. गुरू विक्षिप्त असला की त्याचा प्रत्येक घाव आपण विक्षिप्तपणाच्या खात्यावर मांडतो. मला ते पटत नाही. ओव्हरकोटला सुतळी बांधणं हा विक्षिप्तपणा. पोटच्या पोरीसारख्या शिष्येला सगळ्यांसमोर टाकून बोलणं हा कठोरपणा, तो वेगळा. जॅमची बाटली ही माफी नव्हती, माफी मागता न येणाऱ्या माणसाने टाकलेलं एक पाऊल होतं. तू ते पाऊल मानलंस आणि परत गेलीस, हा तुझा मोठेपणा. मला या जागी जुन्या वेल्श कथेतल्या जादूगारिणीची, केरिदवेनची, गोष्ट आठवते. तुम्ही ती मामगींकडून शंभरदा ऐकली असेल. स्वतःच्या मुलासाठी तिने ज्ञानाची कढई चुलीवर चढवली, ती ढवळायला ग्विऑन बाख नावाचं एक गरीब पोर ठेवलं. वर्ष आणि एक दिवस त्याने ढवळलं आणि तीन थेंब उडून पडले ते त्याच्याच बोटावर. ती रागाने त्याच्यामागे धावली. तो ससा झाला, ती शिकारी कुत्री झाली. तो मासा झाला, ती पाणमांजर झाली. तो पाखरू झाला, ती ससाणा झाली. शेवटी तो गव्हाचा दाणा झाला आणि तिने कोंबडी होऊन त्याला गिळलं. नऊ महिन्यांनी तोच तिच्या पोटी जन्माला आला, तालिएसिन नावाचा कवी होऊन. ज्याच्यासाठी कढई चढवली त्याला मिळालं नाही, जो ढवळत होता त्याला मिळालं, आणि देणारीला ते सहन झालं नाही. मामगींचा तो राग कशाचा होता, मी सांगू शकत नाही. पण थेंब तुझ्या बोटावर पडले होते, हे त्यांना दिसलं असणार.

शेकोटीपाशी ही चार महिन्यांची गोष्ट सांगावीशी वाटली तर सांग, जॅमसकट सांग. नाही वाटली तर नको. फक्त ‘त्या सगळ्यांवर सारखं प्रेम करायच्या’ असलं काही बोलू नकोस. त्या दिवशी प्रत्येक जण काही ना काही गुळगुळीत बोलेल, आणि दहा वर्षांनी तुमच्या आठवणीत एक गोड म्हातारी उरेल, जी कधी नव्हतीच. त्यापेक्षा खुराड्यातली सरकारी पत्रं सांग. रोवनच्या झाडाला पिनकोड सांगताना त्या बाजूला उभ्या राहून काय म्हणाल्या, ते सांग. त्यांनी बहुतेक ‘पुन्हा सांग, झाडाला ऐकू गेलं नाही’ असं काहीतरी म्हटलं असेल, मला उगाच तसं वाटतं. आणि तो धागा कसा मोजला, ते करून दाखव. बोलू नकोस, हाताने दाखव. लोकर सोबत ने.

आईचं थोडक्यात सांगते. ती घाबरली आहे. तू लांब आहेस, वडील गेले, आणि तिला ‘विच’चं मराठीत भाषांतर करताना ‘चेटकीण’ एवढाच शब्द सापडतो. साताऱ्याची बाई आहे, दाभोलकरांच्या गावची. बुवाबाजीची चीड तिला असेल तर ती योग्यच आहे. मीही त्या शिबिरांना गेलेली आहे आणि धाग्याने आजार शोषला जातो, यावर माझा विश्वास नाही. पण माझे प्रश्न साधे असतात. पैसे उकळले का? भीती घातली का? डॉक्टरपासून तोडलं का? मामगी तुला दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तेवढं आईला सांग. आणि विचार तिला, मी लहानपणी तापाने फणफणले की तू मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायचीस आणि लगेच बाबांना रिक्षा आणायला पाठवायचीस, आठवतं का? ती गप्प बसेल आणि मग हळूच विचारेल, “त्या बाईंना कोण कोण होतं गं?”

आता तुझा ताजा कलम. तो तू शेवटी टाकलास, पण माझ्या लेखी सगळ्या पत्रात घाईचं काही असेल तर तेवढंच आहे. बावीस वर्षांचं पोर फेब्रुवारीपासून जेवत नाही आणि गोठ्यात बसून राहतं. 30 एप्रिलची वाट बघू नकोस, रविवारच्या त्या चहाचीही नको. उद्या ड्युटी संपली की गाडी तिकडे घे. लोकर घरातच कुठेतरी असेल, नसेल तर वाटेत विकत घे. गोठ्यात त्याच्यासमोर बस. त्याला वेल्श येत असेल तर वेल्शमध्ये बोल. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, तीनदा. किती कमी भरला ते त्याला दाखव आणि धागा गळ्यात बांध. मग त्याच्यासाठी काहीतरी गरम कर आणि तो खाईपर्यंत उठू नकोस. आणि परवा सकाळी डॉक्टरकडे तू स्वतः घेऊन जा.

तुझी,
मावशी